माळवद पाडावें कीं राखावें ?

उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरची सर्व मंडळी गांवच्या वाड्यांत जमते. तिघां भावांचीं बिऱ्हाडें तीन शहरांत आहेत. परंतु मे महिन्याचे पंधरा दिवस सोलापूर जिल्ह्यांतील या जुन्या घरांत सर्वांचा स्वयंपाक एका चुलीवर व्हावा, असा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षीं या पंधरा दिवसांत घरांत एक वाद उपस्थित झाला. मधल्या खणाची एक तुळई वाळवीनें पोखरली होती. ती बदलण्याचा विषय निघतांच मुलांनीं सुचविलें कीं, एकच तुळई बदलीत बसण्यापेक्षां सगळें माळवदच उतरवावें आणि त्या जागीं स्लॅबचें घर बांधावें.

आमच्या आत्याबाईंचें वय शहायशीं वर्षांचें. त्यांना हें ऐकवेना. दुपारीं बाहेर ऊन कडाडत असतांना आंत पंख्यावांचून वामकुक्षी करतां येते, असें दुसरें घर दाखवा, म्हणून त्यांनीं मुलांना आव्हान दिलें. त्यांच्या बोलण्यांत तथ्य होतें, आणि आम्ही वडीलधारे मनांतून त्यांच्याच बाजूचे होतों. इतक्यांत आमची पुतणसून बोलली. ती सहसा वडिलांच्या बोलण्यांत पडत नाहीं. ती म्हणाली, "आत्याआजी, मला या छताखालीं झोप येत नाहीं. दर वर्षीं हे पंधरा दिवस मी रात्रभर वर पाहत पडतें."

तिचें माहेर औसा तालुक्यांतलें. १९९३ सालीं ती नऊ वर्षांची होती. किल्लारीच्या भूकंपांत तिचे आजोबा आणि धाकटा भाऊ असेच एका माळवदाखालीं गेले. लग्न होऊन इतकीं वर्षें झालीं, तरी ही गोष्ट तिनें आम्हांपैकीं कोणाला बोलून दाखविली नव्हती, आणि आम्हींही विचारली नव्हती. त्या दिवशीं वाद तेथेंच थांबला. परंतु प्रश्न उरला, आणि तो केवळ आमच्या घरापुरता नाहीं. मराठवाडा, सोलापूर आणि वऱ्हाड-खानदेशच्या कांहीं भागांत अशीं हजारों घरें अजून उभीं आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढें हाच प्रश्न आज ना उद्यां उभा राहणार आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करावा, असें ठरविलें.

काळी आणि पांढरी

आपल्या खेड्यांतील जुनी भाषा गांवाचे दोन भाग करते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यानुपिढ्या घरें पडतात, त्याच मातीवर पुन्हा घरें उभीं राहतात, आणि त्या मातीचा रंग व गुण निराळा होतो. माळवदावर घालावयाची माती हीच. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. म्हणून ती छताच्या कामाची नव्हे. पांढरी माती चोपून बसविली कीं पाणी सहसा आंत घेत नाहीं. हें ज्ञान कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेलें नव्हतें. पण गांवांतील लहान मुलालाहि तें ठाऊक असे.

माळवदाच्या घराची रचना मोठी विचाराची आहे. खालीं दगडी जोतें. बाहेरून काळ्या दगडाच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती. आंत लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे किलच, त्यांवर काटक्यांचा व पाल्याचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. चार खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घर किती मोठें, हें खणांवर सांगावयाचें. उजेडासाठीं आणि धूर जाण्यासाठीं छतांत एक साणें ठेवीत, आणि पावसांत तें झांकून घेत. माळवदाला किंचित् उतार देऊन पाणी पन्हळींतून बाहेर काढीत. जाड भिंतींत कोनाडे, देवळ्या आणि धान्य सांठविण्याचें बळद. उन्हाळ्यांत त्याच माळवदावर कुरडया, सांडगे आणि पापड वाळत, आणि रात्रीं तेथेंच अंथरुणें पडत.

थंडाव्याचें कारण साधें आहे. जाड माती आणि दगड हळूहळू तापतात. दुपारचें ऊन त्यांतून आंत पोंचेपर्यंत रात्र होते, आणि रात्रीच्या गार हवेनें तीं पुन्हा निवतात. याच्या उलट, चार-पांच इंचांचा उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळीं आपली उष्णता खालीं सोडूं लागतो. मराठवाड्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, त्या दिवसांत हा भेद अंगाला कळतो. शिवाय दगड जवळच्या ओढ्याचा वा माळाचा, माती पांढरीची, लांकूड शेताच्या बांधावरचें, आणि हात गांवच्या सुताराचे, पाथरवटाचे व घरच्या बायकांचे. घर पडलें तर माती मातीला मिळे आणि लांकूड दुसऱ्या घराला लागे. पर्यावरणाला जपणारें बांधकाम म्हणून आज ज्याची शिकवण देतात, तें आपल्या खेड्यांत शिकवण न देतां चाललें होतें.

इतकें सर्व खरें असूनहि आमच्या सूनबाईचें भय खोटें ठरत नाहीं. तें समजून घेण्यासाठीं त्या पहांटेकडे वळलें पाहिजे.

तीस सप्टेंबर

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपति बोळवून थकलेलीं माणसें गाढ झोपेंत होतीं. भूकंपाचें मान सुमारें ६.२ होतें. जगांत याहून मोठे भूकंप दर वर्षीं होतात. परंतु येथें आठ ते दहा हजार माणसें मेलीं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें कांहीं क्षणांत दगडमातीचे ढीग झालीं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. दख्खनचा काळा पाषाण हालणार नाहीं, अशी शास्त्रज्ञांची व सामान्यांची सारखीच समजूत होती. पुढें २००२ सालीं नकाशा सुधारला आणि हा भाग वरच्या श्रेणींत घातला गेला.

घरें कां पडलीं, याची तज्ज्ञांनीं बारकाईनें पाहणी केली, तेव्हां दोन मुख्य दोष आढळले. पहिला भिंतींचा. ही भिंत दिसते एक. पण वस्तुतः त्या दोन भिंती असतात. आंतल्या अंगाला एक दगडी पदर, बाहेरच्या अंगाला दुसरा, आणि मध्यें माती व बारीक दगड भरलेले. दोन्ही पदरांना शिवणारा लांब आरपार दगड ठिकठिकाणीं घातला, तर ती एक भिंत होते. न घातला, तर जमीन हालतांच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटून कोसळतात. पूर्वींचे चांगले गवंडी असे दगड घालीत. परंतु लांब दगड घडविण्यास मेहनत व पैसा लागतो. शिवाय भिंत पूर्ण झाल्यावर तो आहे कीं नाहीं, हें बाहेरून सहसा दिसत नाहीं. ज्या गोष्टीचा अभाव डोळ्यांना दिसत नाहीं, ती हळूहळू गाळली जाते. तसें येथें झालें.

दुसरा दोष छताच्या ओझ्याचा. आणि तो तर आपल्या काळजीपोटीं उत्पन्न झालेला. दर वर्षीं मृगापूर्वीं माळवद डागडुजी करावें, गळतें तेथें नवी माती घालावी, हा नेम. जुनी माती उतरवून नवी घालावी, हें कष्टाचें काम; त्यापेक्षां जुनीवरच एक थर चढवावा, हें सोपें. अशा रीतीनें पिढ्या दोन पिढ्यांत माती दोन-दोन फूट झाली. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट माती असेल, तर तिचें वजन नऊ-दहा टन भरतें. एवढा भार खांबांवर आणि भिंतींवर शांतपणें उभा राहतो. परंतु जमीन आडवी हालतांच तोच भार वरून झोंके घेऊं लागतो. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना आडवा आधार नसल्यानें सांगाडा कलतो, आणि भिंती ढासळून सगळें आंत येतें.

याच गांवांत एक उलटी गोष्टहि दिसली. ज्यांच्याजवळ दगडाची भिंत बांधण्याची ऐपत नव्हती, अशा गरीब भूमिहीनांच्या कुडाच्या व गवती छपराच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणीं उभ्या राहिल्या, आणि आंतलीं माणसें वांचलीं. जाड भिंत ही ऐपतीची खूण मानली जात होती. त्या पहांटे ती जिवावर उठली. हा हिशेब आम्हां वाडेवाल्यांनीं तरी विसरूं नये.

ज्या घरांना भूकंप आठवतो

यावरून मातीचें व दगडाचें घर भूकंपांत पडावयाचेंच, असा निष्कर्ष पुष्कळांनीं काढला. तो बरोबर नाहीं. ज्या प्रदेशांतील लोकांनीं भूकंप पुनःपुन्हा सोसले, त्यांच्या घरांत त्याची तजवीज दिसते.

कच्छमध्यें १८१९ सालच्या जूनमध्यें प्रचंड भूकंप झाला. कच्छच्या बन्नी भागांतील भुंगा या नांवाचें घर त्यानंतर रूढ झालें, असें तिकडे सांगतात. हें घर वाटोळें असतें. मातीच्या भिंती, लहान खिडक्या, आणि वर शंकूसारखें हलकें गवती छप्पर. त्याचा भार मध्यें आडव्या टाकलेल्या तुळईवरील खांबावर. वाटोळ्या भिंतीला कोपरा नसतो, त्यामुळें धक्का एका ठिकाणीं सांचत नाहीं. आणि छप्पर हलकें असल्यानें पडलें तरी प्राण घेत नाहीं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत कच्छमधील नवींजुनीं असंख्य घरें जमीनदोस्त झालीं. पण चांगले बांधलेले भुंगे बहुतेक टिकले. त्याच दिवशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेंत काँक्रीटच्या अनेक उंच इमारती कोसळल्या. अर्थात् काँक्रीट म्हणजे अभय नव्हे. सळई कमी आणि कारागिरी कच्ची असेल, तर तेंहि मातीसारखेंच पडतें.

काश्मीरमध्यें ढज्जी-दिवारी नांवाची रीत आहे. ढज्जी म्हणजे चिंध्यांचा तुकडा. आपल्या भाषेंत गोधडीची भिंत म्हणावें. लांकडाच्या पट्ट्यांची चौकट करून तिच्या लहान लहान घरांत विटा वा दगड मातीनें भरतात. धक्का बसतां चौकट करकरते, मातीला भेगा पडतात, आणि त्या शेंकडों भेगांत धक्क्याचें बळ जिरून जातें. दुसरी रीत ताक. तींत विटांच्या भिंतीला मजल्यागणिक लांकडाचे आडवे पट्टे बांधतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपांत अशीं घरें इतरांपेक्षां चांगलीं टिकलीं, आणि पुढें पाकिस्तानच्या ताब्यांतील काश्मीरांत पुनर्बांधणी करतांना तेथील सरकारनेंहि ढज्जीला मान्यता दिली.

या तीन प्रदेशांची तुलना केली, म्हणजे आमच्या वादाचें मर्म सांपडतें. परंपरागत घर म्हणजे तेथील लोकांच्या अनुभवाचा सांठा. आमच्या माळवदाला ऊन ठाऊक आहे, पाऊस ठाऊक आहे, चोर आणि दरोडा ठाऊक आहे. म्हणून त्याच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान. परंतु ज्या लोकांनीं पिढ्यानुपिढ्या मोठा भूकंप पाहिलाच नाहीं, त्यांच्या घराला तो कसा आठवावा ? तेव्हां पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असें म्हणणें ही भाविकता. आणि त्यांना कांहींच ठाऊक नव्हतें, असें म्हणणें हा उतावळेपणा. जें त्यांना ठाऊक होतें तें राखावें, आणि जें ठाऊक नव्हतें तें आज शास्त्रापासून घेऊन त्यांत भरावें, हाच सरळ मार्ग होय.

भूकंपानंतर

दुर्दैवानें किल्लारीनंतर या मार्गानें जाणारे थोडेच निघाले. अत्यंत उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें सरकारनें जुनी पांढरी सोडून नव्या जागीं वसविलीं. जागतिक बँकेचें साहाय्य होतें; देशभरच्या संस्थांनींहि मदत केली. इतक्या मोठ्या आपत्तींत इतक्या लोकांना पक्कीं घरें मिळालीं, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या घरांचें माप ठरलें तें जमिनीवरून: भूमिहीन व अल्पभूधारकांस अडीचशें चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस चारशें आणि मोठ्या शेतकऱ्यांस साडेसातशें. बहुतेक ठिकाणीं रस्ते काटकोनांत, घरें रांगेनें, आणि गांव पूर्वींपेक्षां कितीतरी पट पसरलेलें. एकत्र कुटुंबाच्या वाड्यांतील ओसरी, चौक, गुरांचा गोठा आणि शेजारची भिंत यांची सोय अशा आंखणींत बसत नाहीं. भावाचें घर एका टोंकाला आणि आईचें दुसऱ्या टोंकाला, अशी स्थिति झाली म्हणजे एका चुलीचा शिरस्ता आपोआप मोडतो.

जीं गांवें स्थलांतरित झालीं नाहींत, तेथें दुरुस्तीचा व बळकटीकरणाचा कार्यक्रम निघाला. त्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानें बाराशेंहून अधिक खेड्यांत महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद साहाय्यक नेमलें. सरकारी मदत कशी मिळते, घराचें कोणतें काम आधीं करावें, भूकंपांत टिकणारें बांधकाम कसें ओळखावें, हें त्यांनीं घरोघर जाऊन सांगितलें. जें घर बाई सारवते, झाडते आणि जपते, त्याच्या भिंतींत काय आहे हें तिला प्रथमच अधिकारानें विचारतां आलें.

तरीहि लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. जुनें घर बळकट करण्यापेक्षां मिळालेल्या पैशांत विटांची एक खोली बांधून घ्यावी, असेंच बहुतेकांस वाटलें. ज्यांनीं आपलीं माणसें दगडाखालून ओढून काढलीं, त्यांना कोण दोष देईल ? पण त्या भीतीमुळें एक संधि गेली, हेंहि खरें. कच्छमध्यें २००१ नंतर भुजच्या हुन्नरशाळा या संस्थेनें मातीचे कारागीर व अभियंते एकत्र आणून जुन्या रीतींत नवी बळकटी घातली. त्या मानानें आमच्याकडचे गवंडी आपला धंदा सोडून काँक्रीटच्या कामावर मजुरीला गेले. आज आरपार दगड घडविणारा माणूस शोधावा लागतो.

काय करतां येतें

ज्यांचें माळवद अजून उभें आहे, त्यांच्यासाठीं उपाय आहेत, आणि ते अवघड नाहींत. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मातीचें ओझें उतरविणें. सात-आठ इंच माती ठेवून बाकीची काढावी, आणि ती गळूं नये म्हणून मध्यें जाड प्लॅस्टिकचा कागद पसरावा. वर सांगितलेल्या दहा बाय दहाच्या खोलीवरील भार यायोगें नऊ-दहा टनांवरून तीन-साडेतीन टनांवर येतो. दुसरा उपाय भिंतींचा. साधारण दोन फूट उंचीगणिक व चार फूट अंतरावर भिंतींतील दगड हलक्या हातानें काढून आरपार भोंक पाडावें, त्यांत वांकविलेली सळई ठेवून काँक्रीट भरावें. हा झाला नवा आरपार दगड. तिसरा उपाय असा कीं, दारांच्या माथ्यावर व छताखालीं भिंतीला सर्व बाजूंनीं तारेची जाळी ठोकून तिच्यावर सिमेंटचा गिलावा करावा; काश्मिरी लांकडी पट्ट्यांचें काम ही जाळी करते. चौथा, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांत तिरके धिरे बसवावे. हीं कामें जाणत्या अभियंत्याला भिंती दाखवून, त्याच्या सल्ल्यानेंच करावीं. लांकूड कुजलें असेल वा भिंत फुगली असेल, तर मोह न धरतां तेवढा भाग उतरवावा. कारण परंपरेचें प्रेम माणसांच्या जिवापेक्षां मोठें नाहीं.

आमच्या घरीं शेवटीं काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. दिवाळीनंतर माळवदाला एक चर पाडून पाहिलें, तों माती बावीस इंच निघाली. समोरच्या भिंतींत जुन्या गवंड्यानें आरपार दगड घातलेले आढळले. पूर्वेकडच्या, मागाहून बांधलेल्या भिंतींत एकहि नव्हता. तें पाहून आत्याबाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्या एवढेंच म्हणाल्या कीं, ही भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत बांधली गेली. पण आंत काय घातलें, हें विचारण्याचें कोणा बाईमाणसाच्या मनांतहि आलें नाहीं. माती उतरविली, तुळई बदलली, आणि पूर्वेच्या भिंतीला अठ्ठावीस नवे आरपार दगड भरले. सूनबाईनें गवंड्याला एकच अट घातली. प्रत्येक दगडाचें तोंड गिलाव्याबाहेर उघडें ठेवावयाचें. भिंत त्यामुळें ठिपक्याठिपक्यांची दिसते, आणि मुलें तिला हंसतात. यंदाच्या मे महिन्यांत तिनें त्याच भिंतीशीं आपलें अंथरूण घातलें. पण निजण्यापूर्वीं दगड एकदां मोजून घेतले.